दोन खुर्च्यांचं घड्याळ

सनीव्हेल
रविवार, ९ मार्च २०२५

बाबा,

जय भीम.

हे पत्र कुशलला वाचून दाखवायला सांगू नका. अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे.

तुम्ही माझा फोन घेत नाही, म्हणून पोस्टाने पाठवते. दोन वर्षं आणि दोन महिने झाले. ऑगस्टपासून तुम्ही ॲशबर्नला कुशलकडे, मुलाच्या घरी आहात, म्हणजे आपण आता एकाच देशात आहोत आणि आपल्यात फक्त तीन तासांचा फरक आहे. आज इथे घड्याळं एक तास पुढे केली. दोन वाजायच्या जागी एकदम तीन वाजले. मधला तास कुठे गेला नाही, तो नाही असं कायद्याने ठरवलं, एवढंच. माझं काम चिपमधली घड्याळं जुळवण्याचं, त्यामुळे ऑफिसात दर वर्षी या दिवशी मला विचारतात, तुझा तास हरवला का म्हणून.

मुद्द्याचं लिहिते. इलोनाचं एक काम पाच एप्रिलपासून एक जूनपर्यंत वॉशिंग्टनच्या एका लहान गॅलरीत असणार आहे. इलोना कोण हे तुम्हाला माहीत आहे. तरी नीट लिहिते, कारण मागच्या वेळी ते नीट सांगितलं गेलं नाही. ती माझी जोडीदार आहे. आम्ही पाच वर्षं एका घरात राहतो. ती कलाकार आहे आणि तिचं घराणं रोमा आहे. युरोपात ज्यांना शतकानुशतकं गावाच्या कडेला ठेवलं आणि ज्यांच्या नावाची शिवी केली, ते लोक. तिचे पणजोबा स्लोव्हाकियातून पेनसिल्व्हेनियातल्या पोलादाच्या कारखान्यात आले. शेजाऱ्यांना त्यांनी सांगितलं, आम्ही हंगेरियन. पुढच्या दोन पिढ्यांनी तेच सांगितलं. ते का, हे मी तुम्हाला समजावून सांगण्याची गरज नाही. नागपुरात पहिली खोली भाड्याने घेताना तुम्ही घरमालकाला कोणतं आडनाव सांगितलं होतं, ते मला आईने सांगितलं आहे.

काम असं आहे. खोलीत दोन खुर्च्या समोरासमोर आणि भिंतीवर एक साधं गोल घड्याळ. दोन्ही खुर्च्यांवर माणसं असतील तेव्हाच घड्याळ चालतं. एक जण उठला की थांबतं. पुन्हा दोघं बसली की थांबलं होतं तिथून पुढे. बोलायचं नाही. नाव लिहायचं नाही, कॅमेरा नाही. नाव नको हा माझा हट्ट होता.

हे इलोनाला तिच्या आजीच्या घरून सुचलं. त्यांच्यात माणूस गेला की पुरेपर्यंत त्याला एकटं ठेवत नाहीत. आळीपाळीने कोणीतरी समोर बसून असतं. तो वेळ कुठे लिहून ठेवत नाहीत, पण कोण बसलं होतं ते पन्नास वर्षांनीही सांगतात. आजीच्या तीन कागदांवर तीन वेगळ्या जन्मतारखा होत्या. त्यावरून मी इलोनाला तुमची एक जूनची गोष्ट सांगितली. आजोबांना तारीख ठाऊक नव्हती, मास्तरांनी नाव घालताना एक जून लिहिली आणि वर्गातल्या अर्ध्या मुलांचा वाढदिवस एकाच दिवशी आला. ती खूप हसली. मग म्हणाली, प्रदर्शन एक जूनला संपवू या.

घड्याळ चालवणारी यंत्रणा माझी आहे.

मी तुम्हाला या म्हणत नाही. ॲशबर्नहून मेट्रोची सिल्व्हर लाइन थेट जाते, सव्वा तास लागतो. पत्ता मागच्या पानावर लिहिला आहे. माहितीसाठी.

हर्षिता


सनीव्हेल
सोमवार, १४ एप्रिल २०२५

बाबा,

जय भीम. जयंतीच्या शुभेच्छा.

पत्र पोहोचल्याचं कुशलने सांगितलं. तुम्ही ते उघडलं की नाही हे त्याला माहीत नाही. तुमच्या गोळ्यांच्या डब्याखाली आहे म्हणे. त्याने फोन रुहीला दिला. मी विचारलं, आजोबा काय करतायत? ती म्हणाली, “आजोबा इज बफरिंग.” मला आधी कळलं नाही. मग कुशलने सांगितलं, तुम्ही रोज दुपारी विपश्यनेला बसता, तासभर डोळे मिटून हलत नाही, आणि घरातल्या वायफायचं तसं झालं की ती हाच शब्द वापरते. सहा वर्षांची आहे आणि बाप डेटा सेंटरमध्ये, दुसरं काय म्हणणार.

काल इथल्या जयंतीला गेले होते. दर वर्षी एकटीच जाते. या वेळी तिथल्या एका काकूंनी लग्नाचं विचारलं तेव्हा मी सांगितलं, माझी जोडीदार वॉशिंग्टनला आहे, कामासाठी. इंग्रजीत सांगितलं असतं तर पार्टनर म्हणून ते बिझनेसमध्ये खपलं असतं. मराठीत खपलं नाही. काकू म्हणाल्या, “मग तिच्यासाठी खीर डब्यात भरून ठेव, फ्रीजरमध्ये टिकते.” ठेवली आहे.

गॅलरीत पहिल्याच दिवशी गडबड झाली. मी खुर्च्यांच्या गादीत वजन ओळखणारी पट्टी बसवली होती. एक बाई आपली जड बॅग दुसऱ्या खुर्चीवर ठेवून पहिलीवर बसली, आणि घड्याळ वीस मिनिटं चाललं. इलोनाने फोन करून सांगितलं, “बॅगेला सोबत म्हणत नाहीत.” मी दुसऱ्या शनिवारी विमानाने जाऊन पट्ट्या काढल्या आणि पाठीमागे लहान रडार बसवलं. ते हालचाल ओळखतं. चार मिनिटांत काहीच हललं नाही तर खुर्ची रिकामी धरतं. चार मिनिटं हा आकडा मी चाचणी घेऊन ठरवला. ऑफिसातल्या अकरा जणांना बसवलं होतं. दोन मिनिटंसुद्धा कोणी स्थिर राहिलं नाही.

पडदा एसीच्या वाऱ्याने हलायचा तेव्हाही रडारला माणूस दिसायचा, म्हणून त्याची संवेदनशीलता कमी केली. आता व्यवस्थित चालतं.

पहिल्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी उद्घाटन होतं, त्याला मी गेले होते. तिथे एक गृहस्थ आम्हा दोघींना म्हणाले, रोमा हजार वर्षांपूर्वी भारतातून निघाले, म्हणजे तुम्ही दोघी मुळात एकाच मातीतल्या, किती सुंदर योगायोग. हे आम्हाला महिन्यातून एकदा तरी कोणी सांगतं. इलोना म्हणाली, “मग माझा व्हिसा दोनदा परत का आला?” ते हसले. तो व्हिसा तिने, आई गेल्यावर, तिच्या पुण्यानुमोदनाला येण्यासाठी मागितला होता. हे त्यांना आम्ही सांगितलं नाही.

एक गोष्ट तुम्हाला सांगायची आहे. मी दहावीत असताना तुम्ही आलेखकागदावर एक तक्ता काढला होता. स्वयंपाकघराच्या दारामागे लावला होता. वरची ओळ कुशलची, खालची माझी. दहावी २०१०, बी.ई. २०१६, एम.एस. २०१८, नोकरी, २०२२ ला लग्न, २०२४ ला एक लहान वर्तुळ, त्याखाली काही लिहिलं नव्हतं. पुढे कागद संपला होता. त्या तक्त्यावर माझा राग नाही. तुम्हाला कोणी असा कागद काढून दिला नव्हता, आणि तो नसता तर मी इथे नसते. पण नोकरीच्या चौकोनानंतर मी त्यावर कुठेच नाही. इलोना याला क्वीअर वेळ म्हणते. ज्यांच्या आयुष्यात टप्पे ठरलेल्या क्रमाने येत नाहीत किंवा येतच नाहीत, त्यांचा वेळ. मला मोठे शब्द फारसे आवडत नाहीत. मी एवढंच बघते की गेल्या पाच वर्षांतला एकही दिवस त्या कागदावर मांडता येत नाही, आणि ते सगळे दिवस झाले आहेत.

हे उत्तराची अपेक्षा न ठेवता लिहिलं आहे.

हर्षिता


सनीव्हेल
रविवार, ४ मे २०२५

बाबा,

जय भीम.

मंगळवारी, एकोणतीस एप्रिलला, तुम्ही गॅलरीत येऊन गेलात.

मी कुशलला विचारलेलं नाही. विचारलं असतं तर त्याने ते तुम्हाला सांगितलं असतं. मला कसं कळलं ते क्रमाने लिहिते. माझ्या निष्कर्षात चूक असेल तर दाखवा.

मंगळवारी संध्याकाळी इलोनाचा फोन आला. दर मंगळवारी ती स्वतः पहिल्या खुर्चीवर बसते आणि जो येईल त्याच्यासोबत बसून राहते. ती म्हणाली, आज एक म्हातारे गृहस्थ आले होते. तासभर बसले, उठताना एवढंच बोलले: “युअर क्लॉक इज नॉट वर्किंग, मॅडम. टेल द इंजिनिअर.” आणि गेले.

मी चिडले. नीट तपासून बसवलेली यंत्रणा होती. मी त्या दिवसाची नोंद उघडली. गॅलरीतून ती रोज माझ्याकडे येते. पहिली खुर्ची, म्हणजे इलोना, दुपारी एकपासून भरलेली. दुसरी खुर्ची २ वाजून ३ मिनिटांनी भरली. शेवटची हालचाल २:०३:४० ला. चार मिनिटांनी, २:०७:४० ला, खुर्ची रिकामी अशी नोंद आणि घड्याळ बंद. मग काहीच नाही. मग ३:०३:४४ ला त्याच खुर्चीत हालचाल. दार उघडल्याची मधे कुठेही नोंद नाही.

म्हणजे माणूस उठून गेला नव्हता. तो साठ मिनिटं आणि चार सेकंद हलला नव्हता.

असा माणूस मला एकच माहीत आहे.

मी इलोनाला विचारलं, ते कसे होते? ती आधी सांगेना. खुर्चीत कोण बसलं ते सांगायचं नाही, हा नियम तूच केलास, म्हणाली. मग म्हणाली, निळा स्वेटर, सॅंडलमध्ये मोजे, हात मांडीवर एकात एक. सुरुवातीला त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि आपल्या मनगटावरचं जुळवून बघितलं. मग डोळे मिटले. तिने तुमचा एकच फोटो पाहिला आहे, लग्नातला. त्यात तुम्हाला मिशा आहेत आणि तुम्ही सव्वीस वर्षांचे आहात. तिने ओळखलं नाही. ते तुम्ही होता हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, “मी एक तास त्यांच्यासमोर होते आणि मला फक्त एवढंच वाटत होतं की हा माणूस घाईत नाही.”

आता जे लिहायचं ते अवघड आहे.

घड्याळ दुसऱ्या खुर्चीच्या समोरच्या भिंतीवर आहे. इलोनाची त्याकडे पाठ असते. तिला ते दिसत नाही. तुम्हाला दिसतं. तुम्ही तास पूर्ण करून डोळे उघडलेत तेव्हा ते दोन वाजून सात मिनिटांनी जिथे थांबलं तिथेच होतं. काटे कुठे होते हे महत्त्वाचं नाही, थांबलेले होते हे महत्त्वाचं. बाहेरच्या पाटीवर लिहिलंय की दोन माणसं सोबत असतील तरच हे घड्याळ चालतं. तुम्ही पाटी वाचल्याशिवाय कुठल्याच खोलीत शिरत नाही. म्हणजे मुलीच्या यंत्राने तुम्हाला काय सांगितलं, ते तुम्हाला समजलं असणार.

तुम्ही घड्याळ बंद आहे म्हणालात. ते बंद नव्हतं. माझ्या हिशेबाप्रमाणे बरोबर चालत होतं. माझा हिशेब चुकीचा होता. ही दुरुस्ती मला तुमच्यापर्यंत लेखी पोहोचवायची आहे: तुम्ही तिथे होता. न मोजणं ही चूक माझी आहे, यंत्राची नाही, इलोनाची तर नाहीच.

मी सातवीत असताना तुम्ही आयटीआयच्या वर्कशॉपमधून व्हर्नियर कॅलिपर घरी आणला होता. “लीस्ट काउंट म्हणजे काय?” तुम्ही विचारलं होतं. मी पुस्तकातली व्याख्या सांगितली, उपकरणाने मोजता येणारं सर्वांत लहान माप. तुम्ही म्हणालात, “आणि त्याहून लहान जे असतं, ते नसतं का? ते असतं. तुझं उपकरण जाड आहे.” तुमचं, भानुदास सरांचं, हे वाक्य फिटरच्या किती बॅचेसनी ऐकलं असेल. मी ते ऐकलं होतं आणि अकरा चुळबुळ्या इंजिनिअरांना खुर्चीत बसवून आकडा ठरवला.

मी ते दुरुस्त करते आहे. एक जूनच्या आत.

हर्षिता


वॉशिंग्टन
रविवार, १८ मे २०२५

बाबा,

जय भीम.

मी आठवडाभर इथे आहे. ऑफिसातून रजा घेतली. तुम्ही सव्वा तासावर होता, तरी मी आले नाही. बोलावल्याशिवाय येणार नाही असं नाही, पण आधी काम पूर्ण करायचं होतं.

दुरुस्ती काय केली ते लिहिते, कारण तुम्ही विचाराल. माणूस कितीही स्थिर बसला तरी श्वासाबरोबर छाती चार-पाच मिलिमीटर हलते. आधीच्या मांडणीत मी एवढ्या लहान हालचाली गोंधळ समजून गाळत होते. पडद्याचा वारा त्यातच जात होता आणि श्वासही त्यातच. आता पडदा काढून टाकला आहे, रडार जवळ आणलं आहे, आणि ठरावीक लयीत येणारी लहान हालचाल वेगळी ओळखता येते. तुम्ही रोज तासभर ज्या श्वासाकडे लक्ष देऊन बसता, तोच मी गाळत होते. इलोना म्हणाली, वारा बंद करायला पडदा काढायचा हे आधी कसं सुचलं नाही? मी म्हटलं, इंजिनिअर पडदा काढत नाहीत, कोड बदलतात. ती म्हणाली, “आय नो. आय लिव्ह विथ वन.”

गॅलरीच्या बाई म्हणाल्या, एवढ्यासाठी पंधरा दिवस राहिलेले असताना कशाला खटाटोप, एकाच माणसाचा प्रश्न होता ना? मी म्हटलं, हो. एकाच माणसाचा आहे.

आता दुसरी दुरुस्ती. तिला यंत्र लागत नाही. ती मी दोन वर्षं टाळली आहे.

जानेवारी २०२३. आईच्या पुण्यानुमोदनानंतर पाहुणे गेले, कुशल भंतेजींना सोडायला गेला होता, आणि आपण दोघं गच्चीवर सतरंज्या गुंडाळत होतो. मी तुम्हाला इलोनाविषयी सांगितलं. तुम्ही ओरडला नाहीत. तुम्ही म्हणालात, “बरं झालं, शोभनाला हे ऐकावं लागलं नाही.”

मी म्हणाले, “आईला दोन वर्षांपासून माहीत होतं.”

तुम्ही हातातली सतरंजी खाली ठेवली आणि जिना उतरून गेलात. तेव्हापासून तुम्ही माझ्याशी बोललेला नाहीत. मी स्वतःला आणि कुशलला आणि इलोनालासुद्धा हेच सांगत आले की बाबांना मी जशी आहे तशी चालत नाही. पहिल्या दोन पत्रांतही तोच सूर आहे. तक्ता, वगैरे. ते सगळं खोटं नाही. पण तुम्ही उठून गेलात ते माझ्या पहिल्या वाक्यानंतर नाही, दुसऱ्या वाक्यानंतर. क्रम मला नेहमीच माहीत होता. मी तो सांगत नव्हते.

ती दोन वर्षं कशी गेली ते तुम्हाला कोणी सांगितलेलं नाही. आई दुपारी व्हिडिओ कॉल करायची. सनीव्हेलला रात्र असायची. फोन लागला की पहिलं वाक्य ठरलेलं: “ते बसलेत. बोल.” म्हणजे तुम्ही आतल्या खोलीत विपश्यनेला बसलेले आहात, तासभर उठणार नाही, तोपर्यंत बोलून घे. मग मी इलोनाला बोलवायचे. आईला इंग्रजी जेमतेम आणि तिला मराठी शून्य. आईने तिला पाटवडीचं पीठ किती घट्ट हवं ते हाताने दाखवलं. तिने आईला आजीचा रुमाल बांधून दाखवला. एकदा तर दोघी चाळीस मिनिटं काहीही न बोलता एकमेकींसमोर बसून भाज्या चिरत होत्या, आई नागपुरात मेथी, ही सनीव्हेलला कांदे, आणि मी मधे नुसता फोन धरून होते. हे काम मुळात त्या चाळीस मिनिटांतून आलं. आजीच्या घरची रीत आणि ती चाळीस मिनिटं, दोन्ही मिळून. पहिल्या पत्रात मी अर्धंच सांगितलं होतं.

आईने तुम्हाला सांगितलं नाही, कारण मी तिला तसं वचन द्यायला लावलं होतं. ती दर महिन्याला विचारायची, आता सांगू का? मी म्हणायचे, थांब. वेळ आली की मी सांगेन. मग तिचं दुखणं निघालं आणि सहा आठवड्यांत ती गेली. वेळ आलीच नाही, कारण मी ती येऊ दिली नाही. तिचा यात दोष नाही. तुम्ही तिच्यावर रागावला असाल तर तो राग माझ्या नावावर करा.

आतल्या खोलीच्या दाराची कडी बसत नव्हती. तुम्ही जगभराची दारं नीट करायचात, आणि ते एक दार कायम बोटभर उघडं असायचं. आम्ही हळू आवाजात बोलत नव्हतो. तुम्ही भिंतीपलीकडे स्थिर बसलेले होता, म्हणून आम्ही धरून चाललो की तुम्ही नाही.

एकोणतीस एप्रिलची नोंद पाहीपर्यंत मला हे दिसलं नव्हतं.

मी ज्याची माफी मागते आहे ते नीट लिहिते. इलोनाबद्दल नाही. त्यात माफीसारखं काही नाही आणि मी त्यातून मागे हटणार नाही. ती मैत्रीण नाही, ऑफिसातली नाही, रूममेट नाही. नागपुरात कोणी विचारलं तरी मी हेच सांगेन आणि तुमच्यासमोर सांगेन. माफी त्या दोन वर्षांची आहे.

हर्षिता


वॉशिंग्टन
मंगळवार, २७ मे २०२५

बाबा,

जय भीम.

तुमचं पोस्टकार्ड शनिवारी मिळालं. ते तुम्ही सनीव्हेलच्या नाही, गॅलरीच्या पत्त्यावर पाठवलंत, आणि वर इंग्रजीत ‘द इंजिनिअर’ एवढंच लिहिलंत. गॅलरीच्या बाईंनी ते इलोनाला दिलं, इलोनाने मला. मराठीत एकच ओळ आहे. सही नाही. तिची गरज नव्हती, जर्नल तपासल्यावर लाल पेनाने तुम्ही जसं लिहायचात तसंच अक्षर आहे.

“दुरुस्तीनंतर चाचणी कोणी घेतली?”

इलोनाने अर्थ विचारला. मी सांगितला. ती म्हणाली, म्हणजे ते अजून रागावलेले आहेत का? मी म्हटलं, नाही. नापास करायचं असतं तर ते प्रश्न विचारत नाहीत, नुसती रेघ मारतात.

प्रश्नाचं उत्तर देते.

मी स्वतः बसले. सातव्या मिनिटाला मान खाजली. इलोना नवव्या मिनिटाला हसली. गॅलरीत बसायला येणारे एक निवृत्त मास्तर वीस मिनिटं स्थिर होते, पण ते झोपले होते, आणि झोपलेला माणूस मधूनच दचकतो. त्यांना यंत्राने पूर्ण वेळ मोजलं. ही चाचणी पुरेशी नाही. जागा असलेला, न हलणारा माणूस एक तास बसला तर घड्याळ एक तास पुढे जातं, हे अजून कोणीही सिद्ध केलेलं नाही. मला अशी चाचणी देऊ शकेल असं इथे कोणी माहीत नाही. दुरुस्ती झाली असं मी अजून लिहून देऊ शकत नाही.

रविवारी एक जून. प्रदर्शनाचा शेवटचा दिवस. गॅलरी अकराला उघडते, पाचला बंद होते. सिल्व्हर लाइन रविवारी जरा उशिराने असते, वेळापत्रक सोबत जोडलं आहे. रुहीला आणणार असाल तर तिला सांगा की या खोलीत बफर होण्याचीच परवानगी आहे.

पहिल्या खुर्चीवर मी असेन. अकरापासून पाचपर्यंत, जेवायलाही उठणार नाही. दुसरी रिकामी ठेवायला मी कोणाला सांगितलेलं नाही. तसा नियम नाही. कोणी बसलं असेल तर तुम्हाला थांबावं लागेल. इलोना दाराशी असेल. तुम्ही तिला मॅडम म्हणू नका, तिचं नाव इलोना आहे. ती तुम्हाला जय भीम म्हणेल. उच्चार बरोबर आहे, मी तपासला आहे. फ्रीजरमधली खीर तिने इथे येताना आणायला लावली, ती शनिवारी बाहेर काढून ठेवणार आहे. आईच्या हातची नाही, जयंतीच्या काकूंची आहे. एक जूनला तुमचा वाढदिवस नसेलही, पण तिने आजीच्या तीन तारखांपैकी तिन्ही साजऱ्या केल्या होत्या, त्यामुळे तिला फरक पडत नाही.

एक शेवटची तांत्रिक गोष्ट. एकोणतीस एप्रिलची छप्पन मिनिटं आणि चार सेकंद घड्याळात नाहीत. नोंद माझ्याकडे आहे, मी इथून कोडच्या एका ओळीत ती मिळवून काटे पुढे सरकवू शकते. इलोनालाही चालेल. मी ते करणार नाही. हाताने पुढे केलेला तास कसा असतो ते मी नऊ मार्चला लिहिलं होतं.

तो तुम्हालाच बसून भरावा लागेल. मी समोर असेन.

हर्षिता